जत्रेआधी मेनू उघडा

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि कपाटांतले कॅमेरे बाहेर निघतात. खिशात मावणारे, छोटे. कुणी मुंबईहून आणलेले, कुणाला आखातातल्या भावाने दिलेले. मध्यंतरी मोबाइलमुळे ते पडून होते. आता कॉलेजातली मुलं हौसेने ते पुन्हा काढतात, बॅटरी चार्ज करतात, वरची चकती ‘ऑटो’वर फिरवतात आणि निघतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं. निघण्याआधी मेनूचं बटण दाबा आणि चित्राच्या आकाराची ओळ शोधा.

आग्रहाला कारण आहे. आमच्या वाडीत मंडळाच्या पैशांतून घेतलेला एक कॅमेरा होता. लग्न, गणपती, जत्रा, ज्याला लागेल तो न्यायचा. कार्ड लहान, म्हणून जास्त फोटो बसावेत या हिशेबाने कुणीतरी आकार ६४० बाय ४८० करून ठेवला आणि तो तसाच राहिला. मागच्या पडद्यावर फोटो झकास दिसत, कारण तेवढ्या पडद्याला तेवढे ठिपके पुरतात. त्या वर्षी दशावतारातले आमच्याकडचे एक वयस्क कलाकार, उभी हयात राजपार्ट केलेले, शेवटचे रंगले. शेवटचे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? तलवार उपसून ते संवादाला उभे राहिले तो क्षण कॅमेऱ्यात नेमका सापडला होता. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “बाबांचो ह्यो फोटो मोठो करून दी, भिंतीर लावतंय.” कागदावर नीट छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरतात. ६४० ठिपक्यांची रुंदी म्हणजे जेमतेम दोन इंच. मोठा केला तसे डोळ्यांच्या जागी चौकोन दिसू लागले. लॅबवाल्याने होतं तेवढं केलं, पण कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते मागाहून आणायचं कुठून? भिंतीवर शेवटी आधार कार्डावरचा फोटो लागला.

म्हणून आकार कायम सगळ्यात मोठा ठेवा आणि त्याच्या खालच्या ओळीतला दर्जा सगळ्यात बारीक, म्हणजे ‘फाइन’ किंवा ‘सुपरफाइन’. दहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात मोठा आकार साधारण ३६४८ बाय २७३६ भरतो. त्यातून बारा बाय नऊ इंचांचा फोटो खणखणीत निघतो. कार्डाची अडचण असेल तर कार्ड मोठं घ्या, फोटो लहान करू नका. मात्र जुना कॅमेरा पुन्हा वापरात आणताना एक बघून घ्या. दोन जीबीपेक्षा मोठी एसडीएचसी कार्डं २००६ मध्ये आली. त्याआधीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांना ती वाचताच येत नाहीत. कार्ड ‘एरर’ दाखवतं आणि माणूस कॅमेरा बिघडला म्हणून टाकून देतो.

आता चकतीकडे या. ‘ऑटो’ वाईट नाही, पण ते मेनूतल्या अर्ध्या ओळी लपवतं. फ्लॅश, आयएसओ, रंगाचा समतोल यांतलं बरंचसं तिथे तुमच्या हातात राहत नाही, आणि मग ‘आमच्या कॅमेऱ्यात ती सोयच नाही’ असं लोक ठामपणे सांगतात. चकती एक घर फिरवून ‘पी’वर आणली की त्याच ओळी उघडतात. ‘पी’मध्ये छिद्र किती उघडायचं आणि पडदा किती वेळ उघडा ठेवायचा हे कॅमेराच ठरवतो, बाकीचं तुम्ही सांगता. नवशिक्याने वर्षभर ‘पी’वरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर छिद्राचा आकडा आपण देतो. मागचं धूसर करण्यासाठी मुलं तिकडे धावतात, पण या कॅमेऱ्यांतला सेन्सर बहुधा करंगळीच्या नखाएवढा, सहा मिलिमीटर रुंदीचा. त्यातून ती धूसरता यायची नाही. उलट आकडा आठपर्यंत नेला की फोटो मऊ पडतो. ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर वेळ आपण देतो, ते मात्र आपल्याकडे फार उपयोगी आहे. ‘एम’ सावकाश शिका.

आणि चित्रांचा तो सगळा ताटवा, ‘एससीएन’खालचा. बीच, स्नो, सनसेट, फटाके, बाळ, जेवण. नावं बघून माणूस हुरळतो. ‘बीच’ फोटो थोडा उजळ करतं, ‘फटाके’ पडदा बराच वेळ उघडा धरतं, म्हणजे तिवई नसेल तर सगळं हललेलं. या सोयी चालतात, पण आत काय ठरलं ते कळत नाही आणि शिकायला काही उरत नाही.

आपला किनारा कॅमेऱ्याला अवघड जातो, आणि ते का हे एकदा समजलं की निम्मं काम होतं. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या उजेडाचं असणार असं धरून चालतो. तारकर्लीची दुपारची वाळू तशी नाही, ती लख्ख आहे. कॅमेरा तिला करड्यावर ओढतो. वाळू मळकट आणि माणसांचे चेहरे काळे. उलट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाचा ओला काळपट दगड चौकटभर घ्या, कॅमेरा त्याला उजळून फिका करतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला ज्याची पायाभरणी झाली तो किल्ला फोटोत सिमेंटचा वाटू लागतो. यावर उपाय एका बटणाचा आहे: अधिक-उणे अशी खूण असलेलं उजेडाचं समायोजन. वाळूवर अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक, काळ्या दगडावर उणे दोन तृतीयांश. एकदा काढा, पडद्यावर बघा, पुन्हा काढा. होडीत बसलेल्या माणसामागे चकाकणारा समुद्र असेल तर भर दुपारीही फ्लॅश मुद्दाम चालू करा. माणूस तीन मीटरच्या आत हवा, म्हणजे टोपीखालचा चेहरा उजळतो.

पण किल्ल्यातल्या घुमटीत चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांचे हातापायाचे ठसे बघायला जाल तेव्हा हाच फ्लॅश बंद करा. ठसा दिसतो तो त्याच्या कडेच्या सावलीमुळे. समोरून फ्लॅश पडला की सावली पुसते आणि फोटोत नुसता पांढरा चुना येतो. फुलाची खूण, म्हणजे जवळचं टिपायची सोय, चालू करा, झूम मागे आणा, श्वास रोखून बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या आणि मगच पूर्ण दाबा. अर्ध्या दाबाची ही सवय लागली तर धूसर फोटो पुष्कळ कमी होतात. पिंगुळीच्या चित्रकथीच्या जुन्या कागदांसमोरही फ्लॅश बंदच हवा.

सूर्यास्ताची तक्रार सगळ्यांची सारखी: डोळ्यांना दिसलेलं केशरी फोटोत येत नाही. कारण रंगाचा समतोल ऑटोवर असतो, आणि ऑटोचं कामच मुळी असा रंग धुऊन काढणं आहे. तिथे सूर्याची किंवा ढगाची खूण निवडा.

खरी परीक्षा रात्रीची. मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, पार्सेकर, कुठल्याही मंडळाचा खेळ घ्या, तो मध्यरात्रीच्या सुमारास रंगात येतो आणि पहाटेपर्यंत चालतो. प्रेक्षक मागून झूम करतात, ऑटो फ्लॅश टाकतं. या छोट्या फ्लॅशचा पल्ला तीन-चार मीटरचा. म्हणजे पुढच्या रांगेतल्या टकलावर उजेड आणि मागे अंधारात दशावतार. जवळ जाऊन टाकला तर आणखी वाईट, चेहऱ्यावरची रंगभूषा पिठासारखी पांढरी दिसते, आणि ऐन युद्धाच्या तालात नटाचे डोळे दिपतात. हे शेवटचं मला फार लागतं. पायपेटी, मृदंग, झांज यांच्या लयीवर पाऊल टाकणाऱ्या, लिहिलेली संहिता नसताना उत्स्फूर्त बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर उजेड फेकण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

तेव्हा असं करा. फ्लॅश बंद. मेनूत ‘एएफ बीम’ किंवा ‘असिस्ट लॅम्प’ नावाची ओळ असते, तीही बंद, कारण फ्लॅश नसला तरी तो लालसर दिवा नटाच्या तोंडावर पडतोच. बटणांचे आवाज बंद. झूम अजिबात नको. या कॅमेऱ्यांचं भिंग रुंद टोकाला एफ २.८ पर्यंत उघडतं, झूम केलं की तेच पाच-सहावर जातं आणि येणारा उजेड पाव राहतो. त्यापेक्षा खेळाच्या आधी जाऊन मांडवाच्या बाजूला पुढची जागा धरा. आयएसओ ८०० किंवा १६००. दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार फोटो भिंतीवर लागतो, हललेला लागत नाही. चकती ‘एस’वर, वेळ १/५० किंवा १/१००. हे दोन आकडे मुद्दाम सांगतो. आपल्या विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. याहून फार वेगवान वेळ घेतली तर एक फोटो उजळ, दुसरा पिवळट, कधी आडवे पट्टे. १/५० ला हलणारा हात धूसर येईल, म्हणून नट संवादाच्या शेवटी क्षणभर थांबतो ती वेळ साधा. दशावतार बघत वाढलेल्याला ती जागा आधी कळते. तिथे कॅमेऱ्यापेक्षा आपला कान कामी येतो.

रात्रीच्या फ्लॅशचा जाच नटांपुरता नाही. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं समुद्राकडे धावतात ती क्षितिजाच्या उजेडाच्या खुणेने. फ्लॅश, तो मदतीचा दिवा, अगदी मागच्या पडद्याचा झगझगाटसुद्धा त्यांना उलट दिशेला नेऊ शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वांत वरचं संरक्षण दिलं आहे. गावातले लोक आणि वनखाते रात्ररात्र राखण करतात. ‘फ्लॅश बंद केलाय’ असं तोंडाने सांगून भागत नाही, ‘ऑटो’वर तो पुन्हा आपोआप उघडतो. वीज कापल्याची खूण पडद्यावर दिसते का ते बघा, किंवा कॅमेरा पिशवीत ठेवा आणि पिल्लं डोळ्यांनी पाहा.

रात्रीनंतर सकाळ येते, आणि इथे आणखी एक धोका आहे. जत्रेहून परतताना मंडळाच्या त्याच कॅमेऱ्याने एका मुलाने पहाटेची रापण टिपली. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं, जाळ्यात उसळणारी मासळी, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. फोटो सगळे निळे आणि दाणेदार निघाले. रात्री कुणीतरी रंगाचा समतोल बल्बच्या खुणेवर नेला होता, आयएसओ १६०० वर होता, आणि कॅमेरा बंद करून चालू केला तरी ‘पी’ आणि ‘एस’मध्ये या गोष्टी तशाच लक्षात राहतात. काही कॅमेरे उजेडाचं अधिक-उणेही लक्षात ठेवतात, काही विसरतात. आपला कुठला, ते घरी तपासून घ्या. फ्लॅशचंही तेच. रापणीला सकाळी आयएसओ १०० ते २००, रंग सूर्याच्या खुणेवर, वेळ १/५००, आणि सलग फोटो घेण्याची सोय चालू.

बाकी मेनूतलं थोडक्यात. डिजिटल झूम कायमचा बंद करा, तो फोटो नुसता कापून ताणतो. फोटोवर तारीख छापायची सोयही बंद, ती मागाहून पुसता येत नाही. पाण्यातला कॅमेरा घेऊन स्नॉर्कलिंगला गेलात तर ‘अंडरवॉटर’ निवडा, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं आणि दोन-चार मीटरवरच सगळं निळं-हिरवं होतं. बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा आणि झाकण पूर्ण वाळल्यावरच उघडा. साध्या कॅमेऱ्याला पाण्यात नेऊच नका. तो किनाऱ्यावरून आणला तरी भिंगाच्या नळीवर खारं बसतं. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. वाळू लागली असेल तर आधी फुंकणीने उडवा, पुसलं तर भिंगावर ओरखडे पडतात.

कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर मेनूच्या शेवटच्या पानावरचं ‘रीसेट’ आधी करा. आकार, आयएसओ, रंग सगळं मूळ जागी येतं. तारीख मात्र बघावी लागते. बॅटरी महिनोन्‌महिने काढून ठेवली की आतलं घड्याळ थांबतं आणि एक जानेवारीपासून पुन्हा सुरू होतं. कुठला खेळ कुठल्या सालच्या जत्रेतला, त्या रात्री राजा कुणी केला, संकासुर कुणी, हे वीस वर्षांनी शोधणाऱ्याला त्या फायलीत लिहिलेल्या तारखेशिवाय दुसरं काही मिळत नाही. म्हणून चार्जरवरून काढलेली बॅटरी घातली की पहिल्यांदा घड्याळ लावा, मग कार्ड, मग आकार.