गिझरची तिसरी तार



न्हाणीघरात शॉक लागून कोणी दगावले की शेजारीपाजारी एकच वाक्य ऐकू येते, ‘त्याची वेळ भरली होती.’ आपण बौद्ध म्हणवणारेही मान हलवतो. वास्तविक कारणाशिवाय कार्य घडत नाही व कारण दूर केले की कार्य थांबते, हा तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा गाभा आहे. शॉकचे कारण नशिबात नसते, भिंतीतल्या तारांत असते. ते कसे, हे गिझरच्या उदाहरणावरून पाहू.

प्रथम साधा हिशेब. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. उपकरणाच्या वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो, ३००० वॅटचा सुमारे १३. नऊ वॅटच्या दिव्याच्या तुलनेत पहिला गिझरच दोनशेपटीहून अधिक आहे. शिवाय तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. म्हणून दिव्याच्या बारीक तारेवर आणि ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर गिझर चालवला की आधी प्लग तापतो, मग करपट वास येतो आणि शेवटी तारेचे आवरण वितळते.

गिझरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन असावी. तार तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. अंतर लांब किंवा गिझर मोठा असेल तर ४ ची. सॉकेट १६ अँपिअरचा हवा. स्विच न्हाणीघराबाहेर आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असावा. एकच तार तोडणारा स्विच चुकून न्यूट्रलवर बसला असेल, तर बटण बंद असूनही गिझरमध्ये वीज शिल्लक राहते.

आता तिसरी तार, म्हणजे अर्थिंग. प्लगचा वरचा पाय जाड आणि लांब असतो. प्लग लावताना तो सर्वांत आधी जोडला जावा व काढताना सर्वांत शेवटी सुटावा, यासाठी ही योजना आहे. क्षारयुक्त पाण्याने गिझरमधील एलिमेंटचे कवच कालांतराने खराब होते आणि वीज पाण्यात व टाकीच्या पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती हिरव्या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर ती वाट पाहते. ओल्या अंगाने नळाला हात लावणारा माणूसच मग तिची तिसरी तार होतो. जुन्या इमारतींत अनेकदा सॉकेटला भोके तीन असतात, मागे तारा मात्र दोनच. बाहेरून पाहून हे कळत नाही.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’, असे पुष्कळ जण सांगतात. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. २० अँपिअरचा एमसीबी म्हणजे २०,००० मिलिअँपिअर; माणसाच्या जिवाला धोका मात्र ३० मिलिअँपिअरच्या पुढेच सुरू होऊ शकतो. यासाठी आरसीसीबी नावाचे उपकरण असते. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परत आला की नाही, याचा जमाखर्च ते सतत पडताळते. ३० मिलिअँपिअरचा फरक आढळला की क्षणात वीज तोडते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र त्याने आरसीसीबीची परीक्षा होते, अर्थिंगची नव्हे. अर्थिंग वायरमनकडून वेगळे तपासून घ्यावे.

बादलीत सोडायच्या रॉडबाबत एकच नियम: बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. लोखंडी बादली तर वापरूच नये.

‘इतकी वर्षे काही झाले नाही’, हे उत्तर पुरेसे नाही. केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून पाहा, असे भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. तारांनाही तोच न्याय लावावा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि विजेचा विषय त्याच खात्याकडे होता. देशाच्या विजेचा विचार करणाऱ्या महामानवाच्या अनुयायांनी आपल्या घरातील विजेबद्दल अज्ञानी राहणे शोभत नाही.

आम्हांस एक सुचवावेसे वाटते. वस्तीतील आयटीआय झालेल्या मुलांनी, परवानाधारक वायरमनला सोबत घेऊन, थंडीपूर्वी एका रविवारी घरोघर जावे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे सर्वांत आधी. सॉकेटमागे तिसरी तार आहे का, ती खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते का, आरसीसीबी पडतो का, एवढे तीनच प्रश्न पडताळावेत. ज्यांना खर्च झेपणार नाही, त्यांच्यासाठी मंडळाने थोडी तजवीज करावी. मैत्री आणि करुणा आपण वंदनेत म्हणतो. एका म्हातारीच्या न्हाणीघरात हिरवी तार जोडून देणे हेही त्याच करुणेचे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!