कापूस आमचा, कापड त्यांचे

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना लोणार तालुक्यातील सुलतानपूर लागते. हंगामात या रस्त्याने ताडपत्री बांधलेल्या मालगाड्या शेतमाल घेऊन बाहेर जातात. परत येताना त्याच गाड्यांत सिमेंट, खत, तेलाचे डबे आणि तयार कपड्यांचे गठ्ठे असतात. एखाद्या प्रदेशाची आर्थिक स्थिती समजून घ्यायला जाडजूड ग्रंथ वाचण्याची गरज नाही. गाडी जाताना काय नेते आणि येताना काय आणते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

नव्याने स्वतंत्र झालेले राष्ट्र आपले कारखाने कसे उभे करते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी अमेरिकेचे उदाहरण हमखास दिले जाते. ते आपल्यालाही उपयोगी आहे, कारण त्याचा धागा कापसाचा असून पुढे तो थेट आपल्या वऱ्हाडात येतो.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा ती शेतीप्रधान होती आणि कापड इंग्लंडहून येत असे. इंग्लंडने यंत्रांची निर्यात आणि कुशल कारागिरांचे देशांतर कायद्याने बंद केले होते. तरीही सॅम्युएल स्लेटर नावाचा कारागीर सूतयंत्राची सारी रचना डोक्यात साठवून निसटला आणि १७९० मध्ये पॉटकेट येथे त्याने पाण्याच्या शक्तीवर सूत काढून दाखविले. पुढच्याच वर्षी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी संसदेला अहवाल दिला. त्याचा आशय असा की, जुन्या आणि समर्थ उद्योगासमोर नवा उद्योग आपोआप उभा राहत नाही, म्हणून काही काळ त्याला सरकारने आधार द्यावा. १८१६ मध्ये परदेशी सुती कापडावर २५ टक्के जकात बसली. हलके कापड कितीही स्वस्त आले तरी त्याची किंमत चौरस यार्डाला किमान २५ सेंट धरूनच ती आकारली जाई. त्यामुळे आपले स्वस्त जाडेभरडे कापड, जे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर खपत होते, त्या बाजारातून जवळजवळ हद्दपार झाले.

या प्रगतीची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. १७९३ मध्ये एली व्हिटनेने सरकी वेगळी करणारे यंत्र काढले. त्याने श्रम वाचले, पण दक्षिणेत कापसाखालील जमीन वाढली आणि तिच्याबरोबर गुलामांची संख्याही वाढली. उत्तरेतील गिरण्यांचे सूत गुलामांनी वेचलेल्या कापसाचेच होते. औद्योगिक विकासाचा हिशेब मांडताना ही रक्कम बहुधा खात्यावर येत नाही.

गुलामीच्या याच प्रश्नावर १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध पेटले आणि अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडाला त्यामुळे एकाएकी महत्त्व आले. भाव चढले, शेतकऱ्यांच्या हाती पैसा खुळखुळला आणि युद्ध संपताच भाव कोसळले. मात्र रस्ते आणि रेल्वे मागे राहिली. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा फाटा खास कापसासाठी टाकण्यात आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगावची कापूसपेठ तेव्हा देशातील अग्रगण्य पेठांत मोजली जात असे.

रेल्वे आली म्हणजे प्रगती आली, असे आपण शाळेत शिकलो. रेल्वे कोणासाठी आली, हे मात्र विचारले नाही. त्या फाट्यावरून सरकी काढून दाबलेल्या गाठी मुंबई बंदरात गेल्या आणि परतीच्या वाटेवर विलायती कापड आले. जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे मेहकर, लोणार, सुलतानपूरचा पट्टा, तर त्या रुळांपासूनही दूर राहिला. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

हॅमिल्टनने मागितलेला आधार येथील उद्योगाला मिळणे शक्यच नव्हते, कारण राज्य परक्यांचे होते. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली. त्याच वेळी हिंदी गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्केच कर लादला. हेतू असा की लँकेशायरला तसूभरही तोटा होऊ नये. हा कर जवळपास तीस वर्षे टिकला आणि १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला.

एवढ्यावरही जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी काढली. त्या काळी गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण होते. त्यांनी विचार केला की जेथे कापूस पिकतो, कोळसा जवळ आहे आणि गिऱ्हाईकही आहे, तेथेच कारखाना का नसावा? १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी निघाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा दलदलीची होती, ती भरून काढावी लागली. एका मारवाडी सावकाराने, हा माणूस सोने जमिनीत पुरतो आहे, असे म्हणून भांडवल देण्यास नकार दिला होता. पुढे त्याच सावकाराने आपली चूक मोकळेपणाने कबूल केली, असे टाटांच्या चरित्रात सांगितले आहे. ही गिरणी आज नाही. शेवटी ती राज्य सरकारच्या महामंडळाकडे गेली आणि बंद पडली. पण कच्च्या मालाजवळ कारखाना, हा तिचा मूळ विचार आजही खोटा ठरलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर आपले राष्ट्रही नवे होते. १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने पोलाद आणि यंत्रे यांवर भर दिला. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर उभे राहिले. तयार पोलादाचे उत्पादन १९५०-५१ मधील सुमारे १० लाख टनांवरून १९६०-६१ मध्ये सुमारे २४ लाख टनांवर गेले. कामगिरी लहान नव्हती. कापडाच्या बाबतीत मात्र धोरण वेगळे होते. हातमागाला संरक्षण मिळावे म्हणून गिरण्यांना माग वाढविण्यास मनाई झाली. प्रत्यक्षात त्याचा लाभ यंत्रमागाने उचलला. मालेगाव आणि भिवंडी येथील मोमीन बांधवांनी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये बसविले. पोलादाच्या योजनेत त्यांचे नाव नव्हते. बँकाही दारात उभ्या नव्हत्या. कसब पिढीजात होते आणि भांडवल भाऊबंदांचे. कर्जाचा, सुताच्या भावाचा आणि दलालाचा फास त्यांच्याही गळ्यात पडला, हे खरे. पण बाहेरून आलेले सूत कापड होऊन त्या गावांतून गेले. आपल्याकडे कापूस पिकत असूनही हे घडले नाही.

थोडा हिशेब पाहू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलोच्या आसपास सरकी निघते. सरकी गाळली तर साताठ किलो तेल मिळते व उरलेली ढेप जनावरांना जाते. रुईचे सूत काढले तर नासधूस वजा जाता २८ किलोंच्या आसपास भरते आणि तेवढ्या सुतात दोनशे मीटरच्या वर शर्टाचे कापड विणता येते. शेतकऱ्याला पैसे एका क्विंटल कापसाचे मिळतात. उरलेल्या प्रत्येक पायरीवरची मजुरी आणि नफा पुढच्या गावचा. अलीकडे कापसाची जागा बऱ्याच प्रमाणात सोयाबीनने घेतली, तरी चित्र तेच आहे. क्विंटलमागे सुमारे १८ किलो तेल असते, उरलेल्याची पेंड होते आणि दोन्ही दुसरीकडे तयार होऊन आपल्याच दुकानात येतात.

ही गोष्ट नवीनही नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाडचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख येतो. काच आणि साबण यांना लागणारे सर्व जिन्नस येथे सापडतात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला सुलतानपूरच्या शेजारचा कच्चा माल ठाऊक होता. काचेसाठी आणि साबणासाठी मात्र लोणारचे नाव झाले नाही. आज ते सरोवर संरक्षित असून २०२० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, त्यामुळे तेथील क्षाराचा विचार करण्याचे कारण उरलेले नाही.

मग आपल्या हातात काय आहे? सूतगिरणी काढणे आपल्या आवाक्यातले नाही. डाळमिल, तेलघाणी, सरकी-ढेप, मसाला दळण हे आहे. येथे आपले होतकरू तरुण एक चूक हमखास करतात. यंत्राची किंमत जमविली की धंदा उभा राहिला, असे त्यांना वाटते. वास्तविक यंत्रापेक्षा माल जास्त पैसा खातो. दिवसाला दहा क्विंटल तूर भरडणाऱ्या गिरणीला पंधरा दिवसांचा साठा ठेवायचा तर दीडशे क्विंटल तूर रोखीने घ्यावी लागते आणि डाळीचे पैसे दुकानदार महिन्याने देतो. हा खड्डा भरायला माणूस सावकाराकडे जातो आणि तेथेच व्याज सुरू होते.

या खड्ड्यासाठी मुदारबा फार सोयीचा आहे. एकाने पैसा द्यावा, दुसऱ्याने मेहनत करावी, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटावा. कष्ट करणाऱ्याची कसूर नसेल तर तोटा भांडवलवाल्याचा, आणि कष्टकऱ्याची मेहनत वाया गेली हा त्याचा तोटा. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) शामच्या व्यापारास गेले, ही परंपरा आपण सर्व जाणतोच. यंत्र अनेक वर्षे चालते, त्यामुळे त्यातील भागीदारी मोडणे अवघड जाते. हंगामाचा साठा मात्र चार-सहा महिन्यांत विकून मोकळा होतो, म्हणून पहिला करार साठ्याचाच करावा. कागदावर रक्कम, मुदत, नफ्याचे प्रमाण आणि उधारी कोणाच्या परवानगीने द्यायची, हे लिहिलेले असावे. नफा टक्क्यांत लिहावा, ठरावीक रुपयांत नाही, कारण ठरावीक रक्कम लिहिली की ते व्याजच झाले. माल भरडण्यासाठी ठेवणे आणि टंचाईत भाव चढावा म्हणून दडवून ठेवणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला इहतिकार म्हणतात व तो निषिद्ध आहे.

हिशेब वर्षातून एकदा, चांद्र महिन्याची तारीख नक्की करून करावा. गिरणीच्या यंत्रावर जकात नाही. विक्रीसाठी असलेल्या डाळीवर, गोदामातील तुरीवर आणि येणे असलेल्या उधारीवर अडीच टक्के आहे. त्या दिवशी पोती मोजावीच लागतात, आणि वर्षभरात किती माल उंदरांनी, किती ओलाव्याने आणि किती उधारीने खाल्ला हे त्याच मोजणीत पहिल्यांदा दिसते.