सामना संपत आला आणि आपण मागे आहोत, तर?
(खेळ आणि गणित : इयत्ता पाचवीपासून पुढे)



शेवटच्या दोन मिनिटांत संघ सहा गुणांनी मागे असला की काही मुलांचे खांदे पडतात, तर काही जण मिळेल तिथून चेंडू फेकत सुटतात. बाहेरून नुसतं "लवकर, लवकर!" ऐकू येतं. अशा वेळी मुलांना हिशोब हवा असतो. तोच आज बास्केटबॉलमधून पाहू. भागाकाराचा सरावही होईल.

पूर्वज्ञान
आपल्या शहाड-उल्हासनगरच्या मुलांना कबड्डी ओळखीची, म्हणून तिथून सुरुवात करू. 22 ऑक्टोबर 2016, अहमदाबाद, विश्वचषकाचा अंतिम सामना. मध्यंतराला भारत इराणच्या मागे होता, 13-18. शेवटी भारत 38-29 असा जिंकला. तेव्हा हातात 20 मिनिटं होती. दोनच असती तर? एक चढाई 30 सेकंदांची. 120 ÷ 30 = 4. त्यातल्या आपल्या फक्त दोन! म्हणून आधी पाळ्या मोजायच्या, मग गुण.

बास्केटबॉलचा हिशोब
इथे चेंडू हाती आला की 24 सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. पुढे असलेला संघ मुद्दाम वेळ काढतो.

1) दोघांनीही 24 सेकंद घेतले तर एक फेरी 48 सेकंदांची. 120 ÷ 48 = अडीच फेऱ्या.

2) आपण 8 सेकंदांत शॉट घेतला तर फेरी 32 सेकंदांची. पावणेचार फेऱ्या.

3) चौथ्या सेकंदाला फाउल केला तर फेरी 12 सेकंदांची. दहा फेऱ्या! फ्री थ्रोच्या वेळी घड्याळ थांबलेलं असतं.

पण फाउल फुकट नसतो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. त्यांनी दोन्ही टाकले आणि आपण दोन गुणांची बास्केट केली, तर अंतर जैसे थे. त्यांनी एकच टाकला तर फेरीमागे एक गुण भरून निघतो : सहा फेऱ्या, 72 सेकंद. म्हणून फ्री थ्रोमध्ये कच्चा खेळाडू हेरायचा आणि मोकळी संधी मिळाली की तीन गुणांचा शॉट घ्यायचा.

प्रशिक्षकाने सांगायचं
- आधी दबाव टाकून चेंडू काढायचा प्रयत्न. जमलं नाही तरच फाउल.
- हात चेंडूकडेच जावा. ढकललं किंवा मागून धरलं तर फ्री थ्रोही जातात आणि चेंडूही.
- पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. कोणाचे किती झालेत ते लिहून ठेवा.
- टाइम-आउट शेवटासाठी राखून ठेवा.

दबावाची ताकद 20 मार्च 2016 ला अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धेत दिसली. टेक्सास ए अँड एम संघ 44 सेकंद उरले असताना 12 गुणांनी मागे होता. समोरचा नॉर्दर्न आयोवा संघ चेंडू आत टाकताना पुन्हा पुन्हा अडवला गेला, 71-71 अशी बरोबरी झाली आणि दुसऱ्या जादा वेळेत टेक्सासने 92-88 ने सामना जिंकला.

असं रोज घडत नाही, हेही मुलांना सांगा. पण हिशोब येणारं मूल शिट्टी वाजेपर्यंत खेळतं. हरलं तरी का हरलो, ते त्याला सांगता येतं.

स्वाध्याय
1) 90 सेकंद उरलेत, एक फेरी 15 सेकंदांची. किती फेऱ्या मिळतील?
2) चार गुणांनी मागे, फेरीमागे एक गुण भरतो. वरच्या वेळात बरोबरी होईल का?
3) पाच गुणांनी मागे आणि फेऱ्या दोनच. तुम्ही संघाला काय सांगाल?