वरण नको सोडू, दुखण्याची गोळी सोड

बापू, युरिक ॲसिड ८.२ आलं म्हणून तू वरण सोडलंस, असं तुझी आई सांगत होती. आजपासून पुन्हा वाढून घे. तुरीच्या डाळीनं युरिक ॲसिडची सांधेदुखी सहसा वाढत नाही. वाढते ती कलेजी-मटणानं, बिअरनं आणि बाटलीतल्या गोड पाण्यानं.

मी चुकलो ते दुसरीकडंच. सोयाबीनच्या सोंगणीत एका रात्री पायाचा अंगठा असा ठणकला की चादरीचा स्पर्श सोसेना. मजूर ठरलेले, थ्रेशर सांगितलेलं, घरी बसणार कसा? दुकानातून डायक्लोफिनॅक आणली आणि दोन हंगाम खात राहिलो. आराम पडायचा, म्हणून कोणाला विचारलंच नाही. पुढं वाशीमला रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन २.१ निघालं, म्हणजे मूत्रपिंडं मंदावली होती. अंगातलं साधारण दोन तृतीयांश युरिक ॲसिड मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ती मंदावली की ते साठतं, सांधा धरतो. त्यासाठी ही गोळी खाल्ली की मूत्रपिंडं आणखी थकतात. तू या फेऱ्यात पडू नको. अंगठा धरलाच तर मूत्रपिंड पाहून डॉक्टर दुसरं औषध देतात.

क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, बी.पी., साखर एकाच खेपेला तपास. बी.पी.साठी लघवीची गोळी चालू असेल तर तेही सांग, तिच्यानंही युरिक ॲसिड चढतं. दुखणं नाही, मूतखडा नाही, तर नुसत्या आकड्यासाठी ॲलोप्युरिनॉल मागू नको. २०२० साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: आकडा उतरला, मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. दुखणं वारंवार उठत असेल तर मात्र ॲलोप्युरिनॉलची गोळी रोज घ्यावी लागते, आकडा ६ च्या खाली ठेवावा लागतो. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठायचा.

आणि पाणी. आपल्या मालेगावच्या उन्हाळ्यात वावरात घाम गळतो, लघवी गर्द पिवळी होते आणि खडे धरतात. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफी करावी लागते. कॅन भरूनच वावरात जा. पायाला सूज असेल तर मात्र किती प्यायचं ते आधी विचार.

सोंगणीच्या आधी एक दिवस काढ. सकाळी उपाशीपोटी ये, वाशीमला मी सोबत येतो. माझी जुनी फाइल घेतो. कोणत्या वर्षी काय चढत गेलं, ते तुला एसटीत दाखवीन.