मोटरची काच आणि डावा हात

मोटरवर उघडझाप करणाऱ्या काचेचं हेल्मेट घ्यायचं म्हणतेस, घे. मामाची काही ना नाही. फक्त दुकानात गेलीस की पहिल्यांदा ती मोटर बंद करायला सांग. हेल्मेट घाल, पट्टा आवळ, हातमोजे चढव आणि काच हातानं वर करून बघ. सहज वर गेली, मधे हवी तिथे थांबली, खाली ओढल्यावर टक्‌कन बसली, तरच पुढचं बोल. आतला गिअर अडला आणि काच हलेना, तर किंमतसुद्धा विचारू नकोस. ऐन पावसाळ्यात वरंधा घाटात चार्जिंग संपलं तर काय करणार आहेस?

हात म्हणजे डावा हात. उजवा ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकवरून हलवायचा नाही, म्हणून काचेचं बटण डाव्या बाजूला असलं पाहिजे. घरी खुर्चीवर बसून, डोळे मिटून ते सापडतंय का बघ.

आता आपोआप चालणाऱ्या काचेचं. गाडी थांबली की उघडते, वेग घेतला की मिटते, असं ते कौतुकानं सांगतील. सिग्नलला पुढे डिझेलची बस धूर सोडत उभी आहे, हे तिला कुठे ठाऊक? साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे रांगत जाताना पाचटाचे तुकडे उडत असतात, तेव्हा वेग कमीच असतो आणि काच मात्र मिटलेलीच हवी. आपोआपचा कारभार एका बटणात बंद करता येत नसेल, तर तसलं यंत्र डोळ्यांपुढे नको.

वाफ धरण्याचं दुखणं मोटरनं जात नाही. श्वासातली ओल गार काचेला लागली की थेंब होणारच. त्यावर साधा उपाय आहे: काचेला आतून दुसरं पारदर्शक पान बसवतात, त्याला पिनलॉक म्हणतात. दोन्हींच्या मधे हवा कोंडते, त्यामुळे आतलं पान तितकं गार पडत नाही. कॅनडाकडे बर्फावरच्या गाड्या चालवणारे विजेनं तापणारी काच वापरतात, वायर थेट गाडीला जोडतात. आपल्याकडे तो खर्च वाया.

उन्हानं आपोआप काळी होणारी काच घेणार असशील, तर साताऱ्याहून पुण्याकडे येतानाचा खंबाटकीचा बोगदा आठव. ती अतिनील किरणांवर काळी होते आणि फिकी व्हायला वेळ घेते. बोगदा तेवढा वेळ देत नाही. विजेवर रंग बदलणारी काच पटकन फिकी होते, पण तिचंही बटण आधी तपास. मला विचारशील तर पांढरी काच लाव आणि आतून खाली येणारा काळा चष्मा असलेलं हेल्मेट बघ.

मागच्या बाजूला आयएसआयचं चिन्ह हवंच. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला ते सक्तीचं आहे, त्याचं मानक आयएस ४१५१. परदेशी शिक्का कितीही भारी असला तरी इथे आयएसआयच लागतं. आणि ऑनलाइन मिळणारी मोटर वरून चिकटवून घेऊ नकोस, भोक तर मुळीच पाडू नकोस. पडल्यावर हेल्मेट रस्त्यावरून घसरत गेलं पाहिजे. वर आलेलं टेंगूळ अडकलं तर मानेला पीळ बसतो. शिवाय चाचणी झाली ती त्या टेंगळाशिवायच्या हेल्मेटची.

बॅटरीवालं हेल्मेट भर उन्हात आरशाला लटकवून जाऊ नकोस, आत सावलीत ने. काच पॉलिकार्बोनेटची असते. गॅरेजमधला पोरगा पेट्रोलचा बोळा फिरवायला आला तर हात धर, पेट्रोलनं तिला बारीक तडे जातात. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. चिकटलेले किडे खरवडू नकोस, ओलं फडकं थोडा वेळ ठेव, मग पूस.

आणि बिल करण्याआधी नुसती काच वेगळी मिळते का, केवढ्याला मिळते, ते विचार. चरे पडले की ती बदलावीच लागते, आणि मोटरवाली काच त्याच कंपनीची त्याच मॉडेलला बसते. मिळत नाही म्हणाले तर शेजारच्या दुकानात जा.