लसीच्या चाचणीतील स्वयंसेवक आणि त्याचे संरक्षण

नवी लस प्रयोगशाळेत तयार झाली, प्राण्यांवर तिची परीक्षा झाली, तरी ती माणसाला टोचून पाहिल्यावाचून तिच्याविषयी निश्चित असे काही सांगता येत नाही. कोणीतरी पहिला व्हावेच लागते. रोग्याला नवे औषध दिले तर त्याला बरे वाटण्याची आशा तरी असते. परंतु लसीच्या चाचणीतील स्वयंसेवक धडधाकट असतो आणि पहिल्या टप्प्यात त्याचा स्वतःचा लाभ जवळजवळ काहीच नसतो. धोका त्याचा आणि लाभ झालाच तर पुढील पिढ्यांचा, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच तो नीतीच्या आणि कायद्याच्या चौकटीत बसवावा लागतो.

मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना, त्यांनी होकार दिल्यावर, टोचण्यात आली. हाफकिन यांच्या धैर्याविषयी शंका नाही. परंतु तुरुंगाच्या भिंतीआड दिलेला होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न आज आपण विचारल्याशिवाय राहणार नाही. १९४७ च्या न्यूरेम्बर्ग संहितेने स्वेच्छेची संमती ही पहिली अट ठरवली आणि १९६४ च्या हेलसिंकी घोषणेने ती वैद्यकव्यवसायाच्या आचारात आणली.

भारतात एचआयव्ही-प्रतिबंधक लसीची पहिली चाचणी ७ फेब्रुवारी २००५ रोजी पुण्यात, भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि एक आंतरराष्ट्रीय एड्स-लस संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. भारतात जो विषाणूचा ‘सी’ उपप्रकार प्रामुख्याने आढळतो, त्याच्या जनुकांचे अंश एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून ही लस बनवलेली होती. तिच्यात जिवंत वा मृत एचआयव्ही मुळीच नसल्यामुळे तिच्यापासून एचआयव्हीची लागण होणे शक्यच नव्हते. ३० निरोगी स्वयंसेवकांनी तीत भाग घेतला. लस निर्धोक ठरली, पण तिने निर्माण केलेला प्रतिकार फार दुबळा निघाला. पुढे चेन्नईत २००६ साली दुसरी आणि २००९ साली पुणे व चेन्नई या दोन्ही ठिकाणी तिसरी चाचणी झाली.

आता संमतीचा विचार करू. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे संमती मिळाली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. सरकारी कचेऱ्यांत सह्या करण्याची सवय झालेल्या समाजात तो स्वाभाविकच म्हणावा लागेल. खरी संमती म्हणजे कळून दिलेली संमती. माहितीपत्रक स्वयंसेवकाला समजणाऱ्या भाषेत हवे, त्याची एक प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे, वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार उपस्थित पाहिजे. कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडण्याचा त्याचा अधिकार अबाधित असतो. विवाहित स्त्रीची संमती तिची स्वतःची असते; पतीशी वा घरच्या वडीलधाऱ्यांशी तिने सल्लामसलत करावी, पण त्यांचा होकार तिच्या होकाराच्या जागी चालत नाही. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देणे योग्यच. मात्र रक्कम इतकी नसावी की गरजू माणूस धोक्याकडे डोळेझाक करील.

धोका केवळ कागदावरचा नसतो. २००७ साली परदेशांतील सुमारे तीन हजार स्वयंसेवकांवरील एक चाचणी थांबवावी लागली. लस निरुपयोगी ठरलीच, शिवाय काही पुरुष स्वयंसेवकांत लागणीची शक्यता वाढल्याचे दिसून आले.

याहून निराळा असा एक धोका आहे, आणि तो शरीराला नसून अब्रूला आहे. नेहमीची एचआयव्ही-तपासणी रक्तातील प्रतिपिंडे शोधते. लसीमुळेही तशीच प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. मग माणूस पूर्ण निरोगी असूनही तपासणीचा निष्कर्ष ‘बाधित’ असा येतो. नोकरी, विमा, परदेशगमनाचा परवाना, रक्तदान, ठरत आलेले लग्न, यांपैकी कोठेही हा खोटा निष्कर्ष त्याचा घात करू शकतो. यासाठी संशोधन संस्थेने त्याला ओळखपत्र वा प्रमाणपत्र द्यावे आणि प्रत्यक्ष विषाणूचा अंश शोधणारी वेगळी तपासणी विनामूल्य करून द्यावी, अशी रीत आहे. पण ओळखपत्र दाखवणे म्हणजे चाचणीत भाग घेतल्याचे सांगणे. आणि त्या संस्थेच्या दारातून आत जाताना कोणी पाहिले, एवढ्यावरही गावात कुजबुज होते.

संशोधकांच्या वाट्यालाही एक अवघड प्रसंग येतो. लस गुणकारी आहे किंवा नाही हे कळण्यासाठी स्वयंसेवकांपैकी काहींना तरी नित्याच्या जीवनात लागण व्हावी लागते. तरीही प्रत्येकाला लागण टाळण्याचा सल्ला आणि साधने देणे हे संशोधकाचे कर्तव्यच आहे. त्यामुळे चाचणी लांबली तर लांबू द्यावी, हेच योग्य.

कायद्याकडे वळू. पुण्याच्या चाचणीच्या अवघे काही दिवस आधी, २० जानेवारी २००५ रोजी, औषध नियमांच्या ‘वाय’ परिशिष्टात मोठी सुधारणा झाली होती. परंतु नुकसानभरपाईचा स्पष्ट नियम २०१३ साली आला. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यामुळे त्या काळात या विषयाला धार आली होती. आज २०१९ चे नियम लागू आहेत. नीतिसमितीत किमान सात सभासद असतात. त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक त्यात असलाच पाहिजे. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास आठ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि आधीचा आजार यांच्या गुणकांनी भरपाई काढतात. आजाराचा गुणक ०.५ पासून ४ पर्यंत असतो आणि निरोगी स्वयंसेवकाला सर्वांत मोठा, म्हणजे ४ हा गुणक मिळतो. गमावण्यासारखे ज्याच्याजवळ अधिक, त्याची भरपाई अधिक, असा त्याचा अर्थ.

दुर्बल स्थितीतील व्यक्तींची संमती घेताना, काही नव्या औषधांच्या बाबतीत, चित्र आणि आवाज दोन्हींचे मुद्रण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांवरील औषधांना मात्र अपवाद केला आहे: तेथे फक्त आवाज मुद्रित करावयाचा. चेहरा कोठेही उरू नये, हा हेतू. आवाजही ओळखू येतो, ही गोष्ट निराळी.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कोणाचीही एचआयव्ही-तपासणी त्याच्या संमतीवाचून करता येत नाही आणि नोकरी देताना तशी अट घालता येत नाही. ही कलमे लसीच्या स्वयंसेवकालाही उपयोगी पडतात. परंतु भेदभावाविरुद्धचे मुख्य संरक्षण बाधित व्यक्ती आणि तिच्यासह राहणारे यांना दिलेले आहे, आणि बाधित कोण हे तपासणीच्या निष्कर्षावरून ठरते. ज्याला रोग नाही, पण ज्याचे रक्त तसे सांगते, अशा माणसाचे स्थान कायद्याने वेगळे नोंदवलेले नाही.