लाईट गेल्यावर घरी काय करावे?



लागणीचे, खोडव्याचे, खताच्या मात्रांचे पाठ आपण या पानावर नेहमी वाचता. यावेळचा विषय शेताचा नसून घराचा आहे. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या सभासदांनी तो जरा जास्त लक्ष देऊन वाचावा. गावठाणाचा फीडर बहुतेक ठिकाणी वेगळा झाला आहे, वस्तीचे घर मात्र अजून शेतीच्या लाईनीवरच आहे. पहिला मोठा पाऊस झाला, वळवाचे वारे सुटले की तिथली लाईट आधी जाते आणि सगळ्यात शेवटी येते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका वस्तीवर घडलेली गोष्ट आधी सांगतो, कारण हा लेख तिच्यामुळेच लिहीत आहोत. बाभळीची फांदी पडून डीपीच्या पुढची तार तुटली. पुढची चार घरे दोन दिवस अंधारात होती. तिसऱ्या दिवशी एका घरच्या मुलाने लहान जनरेटर भाड्याने आणला. वायरच्या दोन्ही टोकांना पिना लावल्या, एक पीन जनरेटरला आणि दुसरी स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये. घर उजळले. मेन स्विच चालूच राहिलेला होता, त्यामुळे शेजारच्या घरांतही दिवे लागले आणि पोरांनी ओरडाआरडा सुरू केला, "लाईट आली!" तेवढ्यात ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणाली, "अरे, वायरमन तर आत्ता शिडी लावतोय. मग लाईट आली कुठनं?"

म्हातारीने विचारले म्हणून एक माणूस वाचला. घरातल्या जनरेटरची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. वाटेत डीपी जोडलेली असली तर तीच डीपी उलटी काम करते, आणि घरातल्या २३० व्होल्टचे वरच्या तारेत ११,००० व्होल्ट होऊ शकतात. वायरमन मात्र लाईन बंद आहे असे समजून हात घालतो. सबब, जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायचाच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्यात एका वेळी एकच वीज घरात येते, बोर्डाची किंवा जनरेटरची. (२००५ साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले, तरी आपल्या तोंडात अजून 'बोर्ड'च आहे!) स्विच नसेल तर जनरेटरच्याच सॉकेटला वायर लावून एक दिवा, एक पंखा थेट चालवावा. दोन्हीकडे पिना लावलेली वायर कुणाच्याही घरात दिसली तर ती कापून टाकावी. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जनरेटरलाही हेच लागू आहे.

जनरेटर पडवीतसुद्धा ठेवू नये, मोकळ्या अंगणात, दारे-खिडक्यांपासून लांब ठेवावा. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचेही तेच होते.

आता इन्व्हर्टरचा हिशेब. "दीडशेची बॅटरी आहे, पण दोन तासांतच बसते," अशी तक्रार बरेच जण करतात. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास झाले. गळती जाऊन, बॅटरी पूर्ण न पिळता, हातात सुमारे १,००० धरावेत. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे ३६ वॅट. साधे ७५ वॅटचे दोन पंखे म्हणजे १५०. एकूण १८६, म्हणजे पाच तास झाले. पंखे बंद ठेवले तर त्याच बॅटरीवर चार दिवे एक दिवसाहून जास्त चालतील. दोन तासांत बसत असेल तर टीव्ही, मिक्सर कोण लावतो ते पाहावे, नाहीतर बॅटरीतले पाणी तपासावे. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे नव्हे.

घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल तर फ्रीज बंद पडला म्हणून बाटली बर्फात पुरू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे, वर ओले फडके टाकावे आणि सावलीत ठेवावे. वापरात असलेली बाटली अशा गारव्यात राहते. तरी किती दिवस चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे, आणि तेही लाईट असतानाच. फ्रीज उगाच उघडू नये, बंद राहिला तर चारेक तास आतला गारवा टिकतो. दुधाचे काय करायचे ते आयाबायांना आम्ही शिकवायला नको.

रात्री गोठ्यात किंवा परसात जाताना बॅटरी हातात हवीच, आणि पायात नुसती चप्पल नको. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचे दुखतसुद्धा नाही. अंधाराच्या दिवसांत पोरांना खाटेवर झोपवावे. शंका आली तरी मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखाना गाठावा.

लाईट गेली की पहिल्यांदा फ्रीज, टीव्ही, घरची मोटर बंद करावी. कळण्यापुरता एक दिवा चालू ठेवावा. आल्यावर पाच मिनिटे थांबून मग एकेक लावावे. दिवे एकदम भगभगले तर कौतुक करीत न बसता मेन स्विच खाली करावा, कारण न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात. आणि शेतीपंपाचा ऑटो स्विच! लाईट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे फ्यूज जातो आणि घरे पुन्हा अंधारात. ऑटोला टायमर असेल तर डीपीवरच्या मंडळींनी बसून प्रत्येकाची वेळ दोन-दोन मिनिटांनी वेगळी ठेवावी. वाद होतील, पण जळालेली डीपी बदलून येईपर्यंतच्या दिवसांपेक्षा ते परवडले. फ्यूज गेला म्हणून काठी घेऊन डीपीवर मात्र कुणीही चढू नये.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी पाण्यातल्या डीपी पाहिल्या आहेत. पाणी घरात आले असेल तर उतरल्यानंतरही वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, गाडीच्या चार्जरने चार्ज होतो. मात्र थोडा वेळच लावावा, नाहीतर ट्रॅक्टरलाही धक्का मारावा लागेल.

सभेत नेहमी येणारा प्रश्न: "आपला कारखाना बगॅसवर वीज करतो, मग आमच्या घरात अंधार का?" आपल्यासारख्या कारखान्यांची उरलेली वीज मोठ्या दाबाच्या लाईनीने सबस्टेशनला जाते, सरळ गावाला नव्हे. तिकडची लाईन बंद पडली की टर्बाईन आपोआप ग्रीडपासून वेगळे होते, कारण तसे झाले नाही तर वरच्या जनरेटरच्या गोष्टीसारखीच गत तिथल्या माणसांची होईल. शिवाय वस्तीची तार खांबाजवळ तुटलेली असली तर वीज कुठूनही आली तरी खांबापर्यंतच येणार.

तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. फोन करताना बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक विचारतात, आणि बिल नेमके अंधारात सापडत नाही. तो क्रमांक खडूने मीटरच्या बाजूला भिंतीवर लिहून ठेवावा, आणि तक्रार नोंदल्यावर मिळालेला नंबरही त्याखाली तारखेसह लिहावा.